मानाचं गवत

एकदा एका गावाला आपल्या हिरव्या गवताचा फार अभिमान होता. गावाबाहेर तळं, तळ्याच्या काठाला सदैव ओल, आणि त्या ओलीत गुडघाभर वाढलेलं लुसलुशीत गवत. ते गवत मानाचं. जुन्या घराण्यांची गुरं तिथं चरायची आणि उपऱ्यांनी आपली जनावरं खडकाळ माळावर न्यायची, असा दंडक होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तो कसोशीने पाळत.

गावात उपरं माणूस एकच, भिवराबाई. माळावर झोपडी, चार काटकुळ्या गाई आणि तिखट जीभ, एवढाच तिचा संसार.

त्या वर्षी मानाची गुरं खंगू लागली. दूध आटलं, अंगावरचं मांस उतरलं, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबू लागली. बसलेलं जनावर पुन्हा उठेना. भिवराबाईच्या गाई मात्र माळावर निवांत रवंथ करत होत्या. गावाने यावर सखोल चिंतन केलं, म्हणजे पारावर बसून तंबाखू मळली, आणि निष्कर्ष काढला की म्हातारीची नजर वाईट.

हा निष्कर्ष सर्वांत मोठ्या आवाजात सांगणारा एक तरुण होता. गावातल्या एका वृद्ध बाबांचा तो शिष्य. बाबांच्या ओसरीवर बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायचा आणि पाराजवळ येईपर्यंत विसरायचा. हसू नका, तुम्ही तर उंबऱ्यातच विसरता.

पण या खेपेला त्याचं दुःख खरं होतं. आई गेल्यानंतर त्या घरात त्याची वाट पाहणारं कुणी उरलं असेल, तर ती तांबू गाय. तांबू गाभण होती. तिला चरायला जायचे कष्ट नकोत म्हणून तो रोज सकाळी स्वतः तळ्यात उतरून गवत कापून आणायचा. आठवड्यामागे भिवराबाई वाटेत थांबून म्हणाली होती, "काय देखणी गाय आहे रे तुझी." आणि काल तांबूच्या जबड्याखाली सूज दिसली. त्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती, नुसता पांढुरका रंग.

आज सकाळी पाटलाचा बैल गेला. दुपारी सारा गाव पारावर जमला. ठरलं असं, की दिवस मावळायच्या आत म्हातारीने गाव सोडावं, नाहीतर झोपडी पेटवावी. शिष्याच्या खिशात काडीपेटी होती. तिच्यावरची त्याची मूठ घामाने ओली झाली होती. भिवराबाई खाली मातीत बसली होती आणि तिची तिखट जीभ आज गप्प होती.

तेवढ्यात बाबा आले. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. पाटलाला वाटलं प्रसाद आहे. तो लगबगीने पुढे झाला आणि वास येताच तितक्याच लगबगीने मागे सरकला.

"शिक्षा ठरली का?" बाबांनी विचारलं.

"ठरली. हाकलायची हिला," पाटील म्हणाला.

"फार सौम्य झाली. मी सांगतो शिक्षा. आजपासून हिच्या गाई तळ्याकाठी चरतील आणि तुमची सगळी गुरं माळावर."

शिष्याचं डोकं तापलं. "बाबा, माझी तांबू मरायला टेकली आणि तुम्ही हिला मानाचं गवत देताय? ही शिक्षा का बक्षीस?"

"ज्यात गावाची गुरं गेली ते बक्षीस आहे होय? मला ठाऊक नव्हतं," बाबा म्हणाले. "तांबूसाठी गवत कुठून कापतोस रे?"

"पार पाण्याखालून. बुडाचा कोवळा भाग. तिला आवडतो."

"आजचा भारा कुठाय?"

सकाळच्या गडबडीत घरी न पोचलेला भारा बाजूलाच पडला होता. बाबांनी आपलं खांद्यावरचं उपरणं जमिनीवर पसरलं आणि त्यावर गवत झटकलं. पांढऱ्या कापडावर बारीक बारीक शंखांच्या गोगलगायी पडल्या. मग त्यांनी पाटीवरचं फडकं काढलं. आत पाटलाच्या बैलाचं काळीज, म्हणजे यकृत होतं, चिरलेलं. त्यातल्या नळ्यांमध्ये वाळक्या पानांसारखे चपटे किडे चिकटले होते, आणि त्यातला एक अजून वळवळत होता.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "तालुक्याचे गुरांचे डॉक्टर गेल्या वर्षी हेच सांगून गेले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, त्यांचं म्हणणं मात्र प्यायला विसरलात. आजारी गुरांच्या शेणातून या किड्याची अंडी पाण्यात पडतात. तिथं तो गोगलगायीच्या पोटात वाढतो आणि बाहेर येऊन ओल्या गवताच्या देठाला चिकटतो. जे गवत जितकं पाण्याजवळ, जितकं कोवळं, त्यात त्याचा मुक्काम अधिक. हिच्या गाईंनी कोरडं गवत खाल्लं आणि विहिरीचं पाणी प्यायलं, कारण तुम्ही दुसरं काही दिलं नाहीत. तुम्ही हिला जे नाकारलंत, त्यानेच ही तगली. त्यात नजर कुठून आली?"

शिष्य आपल्या हातांकडे पाहत राहिला. विळ्याची मूठ धरून त्या तळव्यांना घट्टे पडले होते. रोज सकाळी थंड पाण्यात उभं राहून, कोवळं ते निवडून निवडून, त्याने स्वतःच तांबूला भरवलं होतं.

"वाचेल का?" त्याने विचारलं.

"डॉक्टरांकडे औषध आहे. आजच दिलंस तर आशा आहे. आणि तिला कोरड्या जागी बांध."

दिवस कलताना, औषध पाजलेली तांबू धापा टाकत माळ चढली. दावं धरून शिष्य भिवराबाईच्या झोपडीसमोर उभा राहिला.

"इथं बांधायचीय?" भिवराबाईची जीभ परत आली होती. "माझी नजर लागंल की रे."

तो मान खाली घालून उभा. खिशातला हात आपोआप काडीपेटीवर गेला आणि तिथेच थांबला. म्हातारीने ते पाहिलं.

"आणलीसच ना एवढ्या लांब," ती म्हणाली, "मग आत ये अन् चूल पेटव. कोंडा शिजवू तिला."