भिंगरीचा हात आणि कडुनिंबाची परी

“दोन पदकं गायब आहेत, दोन! आणि हिच्या ओठांना साखर चिकटलीय अजून!” काशीकाकूंनी साखरगाठीची माळ अनसूयेच्या नाकासमोर नाचवली.

“काकू, लहान आहे हो ती. भूक लागली असेल.”

“भुकेला भाकरी असते. पाडवा तोंडावर आलाय आणि तुझी भिंगरी माझ्या माळा कुरतडतेय. उंदीर परवडला, तो निदान लाजून खातो.”

“मी एकच खाल्लं,” भिंगरी म्हणाली. “आणि मी नाहीच खाल्लं. माझ्या हातानं खाल्लं.”

“ऐकलंस? हातानं खाल्लं म्हणे! मग सांग त्या हाताला, यापुढं एक जरी पदक कमी भरलं, तर तुझ्या आईचं इथलं काम संपलं.”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि भांडण तसंच अर्धं ठेवून त्या बिनसाखरेचा चहा प्यायला आत गेल्या. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती. गाठींच्या कारखान्याची मालकीण, आणि चहा बिनसाखरेचा! डोकं तापणारच.

आता तुम्ही म्हणाल, भिंगरी खोटारडी होती. मुळीच नाही. मी सांगते ते नीट ऐका.

भिंगरीला वडील नव्हते. आई दिवसभर भट्टीपाशी उभी राहून पाक ढवळायची आणि लाकडी साच्यांत ओतायची. साच्यात आधी दोरा पसरायचा, ते काम भिंगरीच्या चिमुकल्या बोटांचं. पाक थंड झाला, साचा उघडला, की आतून इवलीइवली पदकं निघायची. एखादं दुधासारखं पांढरं, एखादं गुलाबी, एखादं हळदीसारखं पिवळं. उन्हात धरली की चमचम करायची. भिंगरी मनाशी म्हणायची, “नको, नको, नको.” तेवढ्यात हात गेलेला असायचा. दाढ किडली, ठणकायला लागली, तरी हात जायचाच.

पण पोर मनाची मऊ. जमिनीवर पाकाचे थेंब सांडत, त्यांत मुंग्या अडकत. भिंगरी एकेकीला काडीवर घ्यायची आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली नेऊन सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती.

त्या दुपारीही ती डोळे पुसत मुंगीच घेऊन गेली. कडुनिंब फुलला होता. झाड कडू, पण फुलांना मधासारखा वास. वाऱ्यावर नाजुकशी पांढरी फुलं भुरभुरत होती. त्यांतलं एक फूल खाली पडेना. ते हवेतच थांबलं, लुकलुकलं, मोठं झालं, आणि समोर एक परी उभी राहिली. परी म्हटलं की सोन्याचा मुकुट हवा, असा हट्ट धरू नका. हिच्या अंगावर कोवळ्या तांबूस पालवीचं परकर-पोलकं होतं आणि केसांत फुलांचा तुरा.

“मुंगीला तू सोडवतेस,” परी म्हणाली. “तुला कोण सोडवणार गं?”

भिंगरीला रडू फुटलं. “परीताई, मला साखर कडू लागू दे.”

“साखरेनं काय घोडं मारलंय तुझं? पाडव्याला सगळ्यांबरोबर एक पदक खा आणि हस की! कडू नाही करायचं काही. हाताला विचारायचं, त्याला काय हवंय ते. पण माझे नियम आहेत. पहिला, मागायचं ते आपल्याच हातासाठी. दुसरा, ‘नको’ म्हणायचं नाही. ‘साखर नको’ म्हटलं की मनाला फक्त साखरच ऐकू येते. आणि तिसरा नियम सगळ्यांत अवघड. दुसऱ्या कुणाचा हात असा भरकटलेला दिसला, तर त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलंस, तर तुझा हात पुन्हा तुझं ऐकणार नाही.”

भिंगरीनं मान डोलावली. परीनं फुलांचा तुरा काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू झुलवला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

“श्वास घे. सोड. पापण्या जड झाल्या तर मिटू दे. खांदे सैल. बोटं सैल. माझा आवाज ऐकत राहा.”

याला मोठी माणसं संमोहन म्हणतात. नाव भारी आहे म्हणून घाबरू नका. भिंगरी झोपली नव्हती. आतली कपबशी वाजलेली तिला ऐकू येत होती. ती कुणाच्या हातची बाहुली झाली नव्हती, वाटेल तेव्हा उठू शकत होती. फक्त सगळा गलबला दूर गेला होता आणि आपलंच मन आपल्याला स्वच्छ दिसत होतं, तळ दिसणाऱ्या झऱ्यासारखं.

“आता हाताला विचार,” परी म्हणाली.

भिंगरीनं विचारलं, आणि हात हळूच बोलला. त्याला आईचा पदर हवा होता. पण पदर असायचा भट्टीपाशी, आणि हाताशी असायची साखर.

“कळलं?” परी म्हणाली. “आता हात पुढं गेला, की अंगठा बोटावर दाब आणि म्हण, ‘पुरे.’ नुसतं पुरे. मला भरपूर आहे, असं. आणि जा, पदर धर.”

भिंगरीनं डोळे उघडले, तेव्हा समोर फक्त तुरा पडला होता.

एका फटक्यात सगळं झालं असं सांगितलं, तर ते मीच खोटं सांगितल्यासारखं होईल. हात पुढं जायचा. भिंगरी अंगठा दाबायची, “पुरे” म्हणायची आणि जाऊन आईचा पदर धरायची. पहिल्यांदा अनसूया ओरडली, “अगं, भट्टी आहे, भाजशील!” मग तिनं लेकीकडे बघितलं. झारा खाली ठेवला आणि तिला घेऊन दाराशी बसली. असं रोज व्हायला लागलं. हात शहाणा झाला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी देवळाच्या गुढीची मोठी माळ न्यायला माणसं आली, आणि तेच भांडण पुन्हा पेटलं. माळेच्या मधोमध असायचं ते मोठं गुलाबी पदक जागेवर नव्हतं.

“उचल तुझं बोचकं, अनसूये!”

“काकू, माझी लेक साखरेला शिवलेली नाही.”

“मग काय, साखरेला पाय फुटले?”

भिंगरीनं काकूंकडे पाहिलं. काकूंच्या हनुवटीवर गुलाबी कण लुकलुकत होते. तिचा हात वर उठला, बोट सरळ झालं. आईचं काम जात होतं हो! एक बोट दाखवलं की सुटली असती. पण तिला काकूंचा बिनसाखरेचा चहा आठवला. दुपारी एकट्याच पितात. त्यांना धरायला कुणाचा पदर आहे? तिनं अंगठा त्या बोटावर दाबला. “पुरे,” ती म्हणाली.

मग ती पुढं झाली. काकूंचाच पदर घेऊन तिनं त्यांची हनुवटी पुसली आणि त्यांच्या कानाशी लागली. काय म्हणाली, ते कुणाला ऐकू आलं नाही. बाहेर कडुनिंबाचा फुलोरा लखकन उजळला, परी खुदकन हसली, आणि पाण्यात साखर विरघळावी तशी उजेडात विरघळून गेली.

काकू खाली बसल्या. “माळ मीच खराब केली,” त्या माणसांना म्हणाल्या. “थांबा जरा. अनसूया दुसरं पदक ओतून देईल. तिच्या हातासारखा पाक दुसऱ्या कुणाला जमत नाही.” त्यानंतर अनसूयेला ‘जा’ कधी कुणी म्हटलं नाही, आणि भट्टीपाशी मदतीला आणखी एक बाई आली, म्हणून भिंगरीला आई दुपारभर मिळायला लागली. काकू आणि भिंगरी रोज झाडाखाली डोळे मिटून बसायच्या. लोक विचारायचे, या दोघींचं एवढं जमलं कसं?

तुम्हांला सांगते. भिंगरी कानात एवढंच म्हणाली होती, “काकू, तुम्ही नाही खाल्लं, तुमच्या हातानं खाल्लं. चला, त्याला काय हवंय ते विचारू या.”