सशाचे दोन फ्री थ्रो

विषय : बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात रानडुकराने सशाला दिलेली धडक मुद्दाम होती किंवा कसे, याबाबत.

रानात प्राण्यांचे कॉलेज होते, त्या काळची ही गोष्ट. ससा बास्केटसाठी उडी मारत असताना रानडुकराने त्याच्या बरगडीत धडक दिली. ससा पडला आणि त्याचा पुढचा पंजा मोडला. त्याचा संघ एका गुणाने मागे होता, वेळ संपली होती आणि धडकेबद्दल सशाला मिळालेले दोन फ्री थ्रो, म्हणजे रेषेवरून बिनाअडथळा टाकायचे एकेका गुणाचे चेंडू, तेवढे बाकी होते.

नियम असा होता की, धडक मुद्दाम असेल तर जखमीऐवजी सोबत्याने थ्रो टाकावेत. चुकून लागली असेल तर ज्याचे त्याने.

"मुद्दामच!" पंच टिटवी ओरडली. "मेल्याचे डोळे चेंडूवर नव्हतेच, सशावर होते!"

"अहो बाई, माझी मान वळते कुठे?" रानडुक्कर म्हणाले.

आपले थ्रो संघातल्या खारीला टाकू द्यावेत, असा अर्ज सशाने सामना समितीकडे केला. समितीवर तिघे होते, तिघेही रानडुक्करच. त्यांनी टिटवीला विचारले, "डोळे दिसले, ठीक. मन दिसले का?" टिटवीने गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. मग समितीने ठरवले की, पंजा बरा झाल्यास अर्जाची गरजच उरणार नाही, सबब वाट पाहावी.

पंजा जुळला, पण वाकडा. फ्री थ्रोच्या रेषेवर आता गवत उगवले आहे. ससा रोज तिथे येऊन उभा राहतो. खार चेंडू घेऊन शेजारी बसते.

"आज तरी?" ती विचारते.

"विचार चालू आहे म्हणतात."

चषक तूर्त रानडुकरांकडे सांभाळायला दिला आहे. अर्ज प्रलंबित आहे.