पळत्या बाभळी आणि फुगता वळू

माळावरच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. त्याला एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

त्याची बायको हौसा माहेरी गेली, ती दोन महिने झाले तरी परत येईना. "डोक्याचा ताप उतरला की येते," असा तिचा निरोप आला. केरबाला वाटलं, बायको आजारी आहे. आई म्हणाली, "आरं, तो ताप तूच हाईस. आजच जा, शहाण्यासारखा वाग आणि तिला घेऊन ये."

शेजारचे सिदबातात्या त्याच बाजूला बैलगाडी घेऊन निघाले होते. केरबा गाडीत बसला. याआधी तो गाडीतून एकदाच गेला होता, स्वतःच्या लग्नाला, आणि तेव्हा तो वाटभर झोपला होता. आज जागा होता. गाडीने वेग घेतला आणि केरबा ओरडला.

"तात्या, थांबा! झाडं पळून चालली!"

"कुठली झाडं?"

"सगळीच की! आपल्या गावाकडं चालल्यात!"

"येड्या, झाडं जागच्या जागीच असत्यात. पळताना दिसतं ते पळत नसतं. पळतो आपण."

"पळताना दिसतं ते पळत नसतं, पळतो आपण," केरबाने घोकलं.

ओढ्याजवळ गाडी थांबली. "जरा बैलांकडं बघ," असं सांगून तात्या पाणी प्यायला खाली उतरले. केरबाही गाडीतून उतरला आणि बैलांकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात बैल कशाला तरी बुजले आणि गाडीसकट उधळले. केरबा बघतच होता. गाडी लांब लांब चाललेली दिसली. म्हणजे पळतोय आपण! त्याने घाबरून शेजारच्या चिंचेला घट्ट मिठी मारली.

तात्या वर आले. "गाडी कुठाय?"

"हाय तिथंच. मीच पळत होतो. आता धरून ठेवलंय स्वतःला."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "आरं, ते गाडीत बसल्यावर! पाय जमिनीवर असले, की पळतं ते खरंच पळतं! ते धावून धरायचं असतं!" एवढं बोलून ते गाडीमागे धावले. केरबा पायी सासुरवाडीच्या वाटेला लागला.

वाटेच्या कडेला बाभळी होत्या. केरबाचे पाय जमिनीवर होते, आणि बाभळी एकेक करून मागे जात होत्या. केरबा उलटा वळला आणि धावला. पहिली बाभळ त्याने पागोट्याने बांधली. दुसरी उपरण्याने. तिसरीसाठी तो धोतर सोडायला लागला, तेव्हा शेळ्या राखणारी एक म्हातारी ओरडली, "आरं ए, काय चालवलंयस?"

"पळून चालल्यात, आजी. तो डोंगर बघा किती गुणाचा. मघापासनं माझ्याबरोबर चालतोय."

म्हातारीचा जन्म शेळ्यांमागे गेला होता, त्यामुळे तिच्याकडे धीर होता. ती म्हणाली, "लेकरा, आपण चालताना जवळचं असतं ते झरझर मागं जातं. लांबचं असतं ते बरोबर चालतंय असं वाटतं. धोतर नेस."

केरबाने धोतर नेसलं. पागोटं आणि उपरणं बाभळींनाच राहिलं. ते सोडायला तिने सांगितलं नव्हतं.

वेशीवर सासरे भेटले. रानातून घरी चालले होते. "या जावईबापू. आज बोडक्यानं?" म्हणत ते केरबाबरोबर चालू लागले. केरबाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मागे जात नव्हते. बरोबर चालत होते. म्हणजे फार लांब होते. त्याने तोंडाभोवती हात धरले आणि त्यांच्या कानाशी बोंब ठोकली, "मामाऽऽ! रामराम होऽऽ! हौसा बरी हाय काऽऽ?"

सासऱ्यांच्या कानठळ्या बसल्या. "आवो, मी जवळच हाय!"

"बरोबर चालताय, म्हंजे लांब हाय!"

"लांबचा माणूस एवढुसा दिसतो! जवळ येईल तसा मोठा दिसतो! समोरचं मोठं व्हायला लागलं, की समजायचं, आलं अंगावर! कळलं?" सासरेही ओरडत होते, कारण त्यांना आता स्वतःचं ऐकू येत नव्हतं.

घरी हौसा पुऱ्या तळत होती. केरबा दारात उभा राहिला. हौसाने पुरी तेलात सोडली. पुरी मोठी व्हायला लागली.

"हौसा, सर! आली अंगावर!"

केरबाने उडी मारून हौसाला मागे ओढलं, कणकेची परात उचलली आणि ढालीसारखी पुढे धरली. कणीक सासूच्या मांडीवर पडली. पाण्याचा हंडा चुलीत उपडा झाला.

हौसाने डोळे मिटून घेतले. मग उघडले. केरबा तिच्यापुढे परात धरून उभा होता. लटलट कापत होता, पण बाजूला झाला नव्हता. हौसाला रागवायचं होतं. पण हसूच आलं.

"अवं, ती येत न्हाई. जागच्या जागी फुगतीय. अंगावर येणारं सरकत येतं. जागच्या जागी फुगते ती पुरी."

"जागच्या जागी फुगते ती पुरी," केरबाने घोकलं.

सासरे लेकीला म्हणाले, "तुला ऱ्हायचं असंल तर ऱ्हा गं."

"नको आबा. न्हाई गेले, तर हे परत न्यायला येतील."

"आँ?" सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने वाटेसाठी चटणीची पुरचुंडी दिली आणि दोघं निघाले. गल्लीच्या टोकाला गावचा वळू उभा होता. त्याने केरबाला पाहिलं, शिंगं खाली घातली आणि नाकासमोर धावत सुटला. डावीकडे सरकला नाही, उजवीकडे सरकला नाही. केरबाच्या डोळ्यांसमोर नुसता मोठा होत गेला. कोहळ्याएवढा झाला. रांजणाएवढा झाला. कणगीएवढा झाला.

हौसा एका दारात शिरली. "अवं, सरका!"

"भिऊ नको. बघ, सरकतोय का? जागच्या जागी फुगतोय."

"बैल हाय तो!"

"पुरी हाय," केरबा म्हणाला आणि त्याने चटणीची पुरचुंडी सोडली.

वळूने त्याला शिंगांवर घेतलं आणि पेंढीसारखं उडवलं. केरबा घरांच्या वर गेला. तिथून त्याला खाली एक काळा ठिपका दिसला. तो गावचा उकिरडा होता. ठिपका तळहाताएवढा झाला. ताटाएवढा झाला. सुपाएवढा झाला. इकडे नाही की तिकडे नाही.

"हौसाऽऽ," केरबा वरून ओरडला, "आणखी एक पुरी!"

धप्प!

अख्खा गाव धावला. हौसाने दोन्ही हातांनी शेण उपसलं. बऱ्याच वेळाने केरबाचं डोकं वर आलं. त्याने तोंडातलं थुंकून टाकलं आणि हौसाकडे बघून म्हणाला,

"ही मात्र कच्ची ऱ्हायली गं."