अर्धा कोयता

“...मग दीक्षा देऊन मंत्राला बसवणार तरी कधी, बुवा? घर सोडलं, शेत सोडलं, बायको सोडली. आता सोडायला उरलंय काय?”

वैजिनाथचं वैराग्य चार महिन्यांचं, पण डौल चाळीस वर्षांचा. टेकडीवरच्या मठात तो एकवेळ जेवायचा आणि ते चारचौघांना सांगायचाही.

गहिनीबुवा वाती वळत होते. म्हणाले, “खाली बोरखडीत जा. गावात माणसं किती आहेत, मोजून ये.”

बोरखडी वैजिनाथचंच गाव. दसरा होऊन गेलेला, अर्धंअधिक गाव ऊसतोडीला गेलेलं. दारांना कुलपं, ओट्यांवर म्हातारीकोतारी, त्यांच्या मागे नातवंडं. वैजिनाथ घरोघर फिरला. आपली आळी तेवढी टाळली. वैराग्याला बाध नको!

त्या आळीचं त्यानं पारावरच्या तात्यांना विचारलं.

“समदे कोयते गेले,” तात्या म्हणाले. “येक अर्धा तेवढा ऱ्हायलाय.”

त्या भागात नवराबायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात.

वैजिनाथनं एक आकडा वाढवला आणि टेकडी चढला.

“बासष्ट, बुवा.”

“कोण कोण?”

त्यानं धडाधड नावं सांगितली. शेवटी म्हणाला, “आणि एक अर्धा कोयता.”

“नाव?”

“...विचारलं नाही. असेल कुणी रांडमुंड बाई.”

“झोळी घे. त्या दारी भिक्षा मागून ये.”

वैजिनाथ पुन्हा उतरला. आळीत पाच दारांना कुलपं होती. सहावं दार उघडं होतं. ते त्याचं होतं.

तरी नेमाप्रमाणे त्यानं हाक दिली.

त्याची बायको द्वारका बाहेर आली. वाळली होती. तिनं पदर पुढे ओढला.

“तू... गाडीत न्हाई गेलीस?”

“गेल्ते. मुकादमानं उतरिवलं.”

“का?”

“म्हनला, नवरा मेला असता तर तुज्या भावासंगं जोडी लावली असती. तुजा तर जित्ता हाय. उद्या येऊन भांडंल, कोन निस्तरनार?”



ती आत गेली. डबा खरवडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. मग तिनं ओंजळभर पीठ आणून झोळीत टाकलं आणि कुठल्याही गोसाव्याला करावा तसा त्याला खाली वाकून नमस्कार केला.

“पुढं चला, म्हाराज,” ती म्हणाली.

ते ‘म्हाराज’ ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मठात येऊन त्यानं झोळी बुवांपुढे ठेवली. डौल कुठल्या कुठे गेला होता. तो लहान पोरासारखा रडत होता.

“बुवा... अर्धा कोयता कोण, ते कळलं.”

बुवांनी झोळी उघडली. चिमूटभर पीठ बोटांवर घेतलं. त्यात डब्याच्या गंजाचे कण होते. त्यांनी बोटं हळूच झोळीत झटकली.

मग झोळी त्याच्याकडे सरकवली.

“याची भाकरी कर आणि एकटा खा, वैजिनाथ. पचली, तर उद्या मंत्राला बस.”