आमेनची टिचकी

एका गावात एक लहानसं चर्च होतं, आणि त्या चर्चच्या घंटेपेक्षा मोठा आवाज असलेले एक पंच होते. त्यांचं नाव शमुवेलराव. मंडळीचा कारभार ते पाहायचे आणि एरवी माठ विकायचे. माठाला टिचकी मारून पक्का कोणता, तडकलेला कोणता हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, "शास्त्र सांगतं, भेटेल त्याच्यावर भाबडेपणाने विश्वास टाकू नका. आत्म्यांची पारख करा." शमुवेलराव खूश झाले. पारख हा तर त्यांचा रोजचा धंदा. उपदेशाचा पुढचा भाग प्रीतीवर होता, पण तोवर पंचांचा डोळा लागला होता.

पुढच्या रविवारी प्रीतिभोजन होतं. वर्षातून एकदा सगळ्या मंडळीने एका पंगतीला जेवायचं, अशी तिथली रीत. पाळकसाहेब बाप्तिस्म्यासाठी परगावी गेले होते, म्हणून दाराशी शमुवेलराव उभे राहिले.

"आधी आमेन म्हणायचं," ते म्हणाले. "आवाजावरून मला आत्मा कळतो. हा ऐका नमुना. आऽऽमेन!"

सर्दी झालेला सुतार नापास झाला. दात नसलेले म्हातारबाबा नापास झाले. चार पोरी फिदीफिदी हसल्या, त्या तर एकदमच नापास. प्रत्येकाला पंच नव्याने नमुना ऐकवत होते आणि बाहेर चिंचेखाली गर्दी वाढत होती.

तेवढ्यात पांढरा कोट घातलेला एक अनोळखी पाहुणा आला. त्याने असा आमेन ठोकला की छपरावरची कबुतरं उडाली. "वा! खणखणीत!" म्हणत पंचांनी त्याला थेट पहिल्या पानावर बसवलं.

मग दानीएल आला. सात वर्षांपूर्वी भांडून तो मंडळीतून गेला होता. आज धीर करून, धुतलेला सदरा घालून आला होता. आमेन म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण गळा दाटून आला आणि शब्द बाहेरच पडेना.

"तडकलेला," पंच म्हणाले. "पुढचा!"

दानीएल मान खाली घालून फाटकाकडे चालू लागला. तो आज गेला असता तर पुन्हा कधीच आला नसता, हे सगळ्यांना कळत होतं. तरी कुणी हाक मारली नाही.

चिंचेपलीकडे चुलीवर रिबकाबाई स्वयंपाक करत होत्या. चाळीस वर्षं प्रीतिभोजनाचा रस्सा त्यांच्याच हातचा. त्या तिथूनच ओरडल्या, "ए दानीएल! निघालास कुठे? पाण्याची घागर कोण उचलणार, तुझा काका? माझी कंबर मोडलीय इथं!"

दानीएल थबकला. मागे वळला, डोळे पुसले आणि घागर उचलली.

रस्सा तयार झाल्यावर रिबकाबाई पातेलं घेऊन दाराशी आल्या.

"आमेन म्हणा," पंच म्हणाले.

धुराने बाईंचा घसा बसला होता. आवाज आला तो बेडकाचा. पंचांनी डोळे मिटून विचार केला आणि नकाराची मान हलवली.

"बरं," म्हणून बाई पातेल्यासकट परत फिरल्या.

आता आत अकरा जण रिकाम्या पत्रावळींसमोर बसले होते, आणि बाहेर सगळं गाव रस्सा भुरकत होतं. थोड्या वेळाने आतले अकराही एकेक करून बाहेर सटकले. पांढरा कोट सगळ्यांच्या पुढे होता. शेवटी भुकेने कळवळून पंच आले. जेवण आत आणा, असं दरडावायला गेले, तर तोंडातून नुसती हवा निघाली. नमुने देऊन देऊन घसा पार गेला होता.

"पंच, आमेन म्हणा बघू," रिबकाबाई म्हणाल्या.

"फुस्स," पंच म्हणाले.

सगळी मंडळी पोट धरून हसली. शमुवेलराव कानापर्यंत लाल झाले आणि फाटकाकडे वळले. तेव्हा दानीएलने स्वतःशेजारी त्यांच्यासाठी पान मांडलं, आणि बाईंनी रश्श्यातली पहिली मोठी फोड त्यांनाच वाढली.

"मला पारखलं नाही?" पंच कुजबुजले.

"पारखलं की. भूक लागलीय तुम्हाला," रिबकाबाई म्हणाल्या.

"आणि तो पाहुणा?"

"त्यालाही पारखलंय. मघाशी चुलीपाशी आला तेव्हा सहा करंज्या खिशात घातल्या त्यानं. तेलाचे डाग बघा कोटाला. म्हणून करंज्यांचा डबा मी मांडीखाली घेतला. पण बिचारा दोन दिवसांचा उपाशी दिसतोय, म्हणून रस्सा दोनदा वाढला."

पाहुण्याचा घास हातातच राहिला. त्याने गुपचूप खिशातून करंज्या काढून पत्रावळीवर ठेवल्या. साडेपाच निघाल्या.

"ठेव त्या," रिबकाबाई म्हणाल्या. "वाटेत खायला होतील."

शमुवेलराव मान खाली घालून जेवले. मग त्यांनी दानीएलकडे हळूच पाणी मागितलं, आणि दानीएलने घागर वाकवली.

तात्पर्य, जे पंचांनी झोपेत घालवलं, ते असं: पारख जरूर करावी, पण डबा कुठे ठेवायचा एवढं ठरवण्यापुरती. पान कुणाला मांडायचं हे प्रीतीला विचारावं, आणि प्रीती कुणालाच दाराशी थांबवत नाही.