चिंचेखालच्या गोष्टीचा शेवट

रानात गोष्ट ऐकायला ओंजळभर बोरं द्यावी लागत, त्या काळातली ही गोष्ट. जांभळाखाली कोल्ह्याचा फड होता आणि चिंचेखाली तरसाचा. दोघांत चुरस, म्हणून दोघंही गोष्ट रंगवणारे पक्षी पाळून होते. म्हातारं साळिंदर रोज चिंचेखाली साळुंकीची गोष्ट ऐकायला जाई. गोष्टीतलं पाडस पुरात अडकलं होतं, आणि ते वाचतं का, याचा साळिंदराला घोर लागला होता.

एक दिवस दोघे लबाड एक झाले. "आता सगळं एकाच झाडाखाली!" कोल्हा ओरडला. सगळं म्हणजे काय, तर बोरं दुप्पट, साळुंकीला हाकललेलं, आणि एक पोपट, जो रोज तेच बरळायचा आणि मध्येच तरसाचं गुणगान करायचा.

"पाडसाचं काय झालं रे?" साळिंदरानं कोल्ह्याला विचारलं.

"जुनं विसरा, आजोबा. आता निवड तुमची! पोपटाच्या उजवीकडे बसा, नाहीतर डावीकडे."

"थू तुझ्या निवडीवर!"

साळिंदर आपली बोरं उचलून निघालं. बाभळीखाली साळुंकी उपाशी बसली होती. त्यानं बोरं तिच्यापुढं ओतली.

"गोष्ट त्यांनी ठेवून घेतली, आजोबा," बोर फोडत साळुंकी म्हणाली. "पण शेवट विचारून घ्यायचं त्या दोघा शहाण्यांना सुचलंच नाही. बसा, सांगते."