अडसराला आलेली पालवी

सातमाळ्याच्या रांगेत तांबकडा नावाचा किल्ला आहे. खाली शिरवंड गाव, गावाभोवती द्राक्षबागा, आणि बागांच्या डोक्यावर हा लालसर कडा. माघ-फाल्गुनात बागांत तोडणी चालू असते, तेव्हा किल्ल्याच्या शेवटच्या दरवाज्यावर दुरूनच लाल जाळ दिसतो. ती पांगाऱ्याची फुलं. जवळ गेल्यावर कळतं, की हे झाड दरवाज्याशेजारी उभं नाही, दरवाज्यात आडवं आहे. एका बाजूच्या भिंतीतून निघून समोरच्या भिंतीत शिरलेलं खोड, आणि वरच्या अंगाने आभाळाकडे गेलेल्या फांद्या. आत जायचं तर त्याखालून वाकावं लागतं.

या दरवाज्याला उलटा दरवाजा म्हणतात. कोणत्याही किल्ल्याच्या दाराचा अडसर आतून असतो. शत्रू बाहेर असतो म्हणून. इथे अडसराची भोकं बाहेरच्या अंगाला आहेत.

यंदा पुण्याहून एक गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण असे दोघे किल्ले आणि बागा बघत हिंडत होते. सकाळी तांबकडा चढून उतरले आणि दुपारी दगूअण्णा शेळक्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकले. गृहस्थांनी विचारलं, "अण्णा, ती भोकं गवंड्याने चुकून बाहेर पाडली का हो?"

"गवंडी शुद्धीत होता," अण्णा म्हणाले. "भोकं सुताराने पाडली. तोही शुद्धीतच होता, पण त्याचं घर आत होतं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. ते असं.

फार मागे, किल्ल्यावरची शिबंदी उठून गेलेली होती आणि वर नुसते वारे राहत होते, त्या काळी घाटातून उतरलेल्या एका तांड्याबरोबर शिरवंडात देवीची साथ आली. घरागणिक माणूस तापाने फणफणू लागलं, अंगावर फोड उठू लागले. गाव देवळापुढे बसलं आणि ठरलं, की ज्याच्या अंगावर देवी दिसेल त्याने किल्ल्यावर जायचं. वर टाक्यांत पाणी आहे, खालून भाकरी पोचेल. साथ सरली की उतरायचं.

तेव्हा आजाऱ्यांतलीच एक म्हातारी बोलली म्हणे, "दार बाहेरून लावा. आतून कडी ठेवलीत तर ती आम्हीच काढू. ताप डोक्यात गेला की माणूस घराकडेच चालतं."

हे सगळ्यांना पटलं.

गावचा सुतार म्हाळू. पाटलांनी त्याला सांगितलं, की दाराची पाखं, म्हणजे दोन्ही फळ्या, बाहेर उघडतील अशी फिरवून बसव, बाहेरच्या भिंतींत भोकं घे, आणि अडसर खैराचा घाल. खैर म्हणजे लोखंडच. म्हाळूने मान हलवली. त्याच संध्याकाळी त्याच्या लेकीच्या, ठकीच्या कपाळावर पहिला फोड दिसला.

म्हाळूची बायको बायजा धडधाकट होती. तिने गाठोडं बांधलं. म्हाळू म्हणाला, "मीही येतो."

"आणि दार कोण लावणार?" ती म्हणाली. "भाकरी कोण आणणार? तुम्हीही वर आलात तर मला आत बसून तुमचाच स्वयंपाक."

म्हाळू हसला नाही. रात्रभर तो ओढ्याकाठी काम करत होता. सकाळी त्याने अडसर खांद्यावर घेतला आणि सगळ्यांच्या मागून किल्ला चढला. अडसर काळा कुळकुळीत, बिब्ब्याच्या तेलाने माखलेला. लोकांना वाटलं खैर. पण खैराचं एवढं लाकूड एका खांद्याला पेलत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याचं त्याचं लक्ष आपल्या माणसाकडे होतं.

ते पांगाऱ्याचं लाकूड होतं. ओलं, पोकळ म्हणावं इतकं हलकं. पांगाऱ्याचं कोणी दार करत नाही, पाट करत नाही. चुलीतही ते धड जळत नाही.

आजारी माणसं आत गेली. ठकीला कडेवर घेऊन बायजा शेवटी गेली. पाखं मिटली, अडसर भोकांत सरकला, वर पाचरी बसल्या. मग सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली, की साथ सरेपर्यंत या अडसराला कोणी हात लावायचा नाही. म्हाळूनेही घेतली. शपथ हाताची होती, लाकडाची नव्हती. लोक उतरायला लागल्यावर तो दोन पाखांमधल्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला, "बायजे, अडसर पांगाऱ्याचा आहे. जीव नको झाला तर खांद्याने रेट. तुटेल."

आतून ती म्हणाली, "हे तुम्ही काय केलंत?"

त्याला वाटलं, तिचा ऊर भरून आलाय. ती काय म्हणत होती ते त्याला पुढे कळलं.

दरवाज्याशेजारच्या भिंतीत बंदुकीच्या जंग्या, म्हणजे नेम धरायचे झरोके, आहेत. त्यातल्या एकीतून दोर सुटायचा, म्हाळू भाकरीची टोपली बांधायचा, टोपली वर जायची. तेवढ्यात बोलणं व्हायचं. ठकी कशी आहे, टाक्यात पाणी किती आहे, आज कोण गेलं. शेवटी म्हाळू विचारायचा, "लाकूड?" आणि बायजा म्हणायची, "घट्ट आहे."

आत जे होतं ते असं, म्हणे. एवढ्या माणसांत दार कच्चं आहे हे एकट्या बायजेला ठाऊक होतं. तापलेलं माणूस उठायचं आणि दाराकडे यायचं. खैर असता तर आपटून आपटून परत गेलं असतं. पण हे दार एका धक्क्याचं होतं. म्हणून बायजेने दारापुढेच बसायला घेतलं. ठकीला मांडीवर घ्यायची आणि दाराकडे पाठ करून बसायची. पाठ मात्र टेकवायची नाही. आपल्या भाराने लाकूड वाकेल, याची धास्ती.

ती म्हातारी तिला म्हणाली, "अगं टेक की जरा. दार काय चावतंय?"

"चावतं," बायजा म्हणाली.

एकदा रावबा नावाचा दांडगा मेंढपाळ तापात उठला आणि धावत दारावर आला. "सर बाजूला. माझी मेंढरं सुटलीत."

बायजा उभी राहिली. त्याच्या छातीला तिचं डोकं लागत होतं. "मीच बांधून आले तुझी मेंढरं," ती म्हणाली. "सगळी आहेत. काळी लंगडत होती, तिला पाला घातलाय. जा, नीज." आणि रावबा गेला. मुलासारखा गेला.

हे जंगीतून ऐकल्यावर म्हाळूला कळलं, की आपण तिच्यासाठी वाट ठेवली नव्हती, पहारा ठेवला होता. त्या दिवशी तो फटीशी येऊन म्हणाला, "बायजे, आता रेट. मी एकटाच आहे. पोरीला घे, आपण डोंगरापलीकडे उतरू. कोणाला कळायचं नाही."

"आणि माझ्यामागून रावबा येईल त्याचं काय? तो डोंगरापलीकडे जाणार नाही. तो घरी जाईल." मग तिने विचारलं, "खाली पाळणे आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग टोपली बांधा."

उन्हाळा गेला. पावसाळा लागला. किल्ल्यावरचं टाकं भरून वाहू लागलं आणि पाणी भिंतीच्या सांध्यांतून झिरपत अडसराच्या भोकांत उतरू लागलं. आत किती राहिले, किती गेले, ते म्हाळू आता विचारत नव्हता. पण जे राहिले त्यांच्या खपल्या धरत होत्या. ठकीच्याही धरल्या. नव्याने कोणाला ताप येत नाही असं गावात कळलं, आणि दार उघडण्याचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी दुपारी म्हाळू टोपली घेऊन वर आला आणि दारासमोर उभाच राहिला. बिब्ब्याची काळी साल जागोजागी फुटली होती आणि तिच्यातून हिरवे कोंब बाहेर आले होते. काहींना तळव्याएवढी पानं होती. शपथेला बाजूला ठेवून त्याने एकदाच बोट लावलं. लाकूड थंड होतं, भरलेलं होतं. दोन्ही टोकांनी दगडात मुळं धरली होती. जन्मभर त्याने झाडाचं लाकूड केलं होतं. लाकडाचं झाड झालेलं त्याने प्रथमच पाहिलं. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"बायजे," तो फटीशी म्हणाला, "अडसराला पालवी आलीय."

आतून तिचा आवाज आला, पण फार बारीक. "खरंच?"

"खरंच. आता हत्तीने रेटलं तरी तुटायचं नाही."

"मग टेकू का मी आता?"

असं तिने विचारलं, म्हणे. इतके महिने तिने कोणाला काही विचारलं नव्हतं. तिच्या अंगावर चार दिवसांपूर्वीच देवी उठल्या होत्या, आणि ते तिने जंगीतून सांगितलं नव्हतं, हे म्हाळूला ठाऊक नव्हतं. तरी त्याला काय ते कळलं असावं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "टेक, बायजे."

दार किंचित कुरकुरलं. पाठीचा भार आला आणि पालवी जराशी हलली. म्हाळू बाहेरून त्याच दाराला पाठ लावून बसला. मध्ये चार बोटं जाडीची फळी. पाऊस पडत होता. दिवस कलल्यावर आतून ठकी म्हणाली, "बा, आई टेकली ती उठत नाही."

दुसऱ्या दिवशी गाव वर आलं. पाटलांनी अडसर पाहिला. खैराच्या तोडलेल्या लाकडाला पालवी येत नाही, हे त्यांना काय सांगायला हवं होतं? त्यांनी म्हाळूकडे पाहिलं. म्हाळूने नजर चुकवली नाही. कोणी तरी करवत पुढे केली, ती पाटलांनी परत पाठवली. बऱ्या झालेल्या आतल्या सात-आठ जणांनी मिळून जड पाखं चुळीवरून, म्हणजे ज्या खुंट्यावर ती फिरतात त्यावरून, उचलून आत घेतली, अडसर तसाच राहिला. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि वाकून ते आत गेले. त्यांच्या आधी म्हाळू गेला होता.

आतली माणसं त्याच लाकडाखालून वाकून बाहेर आली. एकटी ठकी ताठ चालत आली; तिला वाकावं लागलं नाही.

म्हाळूने पुढे त्या अडसराच्या फांद्या खाली आणून लावल्या. त्यांच्या खुंटांवर गावाने द्राक्षाचे पहिले वेल चढवले, असं सांगतात.

अण्णांचं सांगून झालं. गृहस्थ वर किल्ल्याकडे पाहत होते. त्यांच्या बहिणीने हळूच विचारलं, "त्याने तिला टेक म्हटलं नसतं तर?"

"तर ती बसली असती," अण्णा म्हणाले. "आणखी किती बसली असती, कोण जाणे." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओट्यावर आल्यापासून ती ताठ बसून होती. गेल्या वर्षी घरातलं आजारपण एकटीने काढल्यापासून ती कुठेही अशीच बसत असे. तिच्या मागे अण्णांच्या घराचं दार मिटलेलं होतं. "टेका, ताई," ते म्हणाले. "पालवी आलीय."

तिने मागे वळून पाहिलं. मग सावकाश पाठ टेकली.

आजही उलट्या दरवाज्यात पाटील असो की परदेशी पाहुणा, वाकूनच आत जातो. लहान मुलं तेवढी ताठ जातात. आजही शिरवंडातल्या बागा लोखंडी अँगलवर आणि तारांवर उभ्या असल्या, तरी प्रत्येक बागेच्या तोंडाशी पांगाऱ्याचा एक जिवंत खुंट असतो. आणि आजही त्या गावात मिटलेल्या दाराला आपण होऊन कोणी टेकत नाही. दमून आलेला माणूस ओट्यावर ताठ बसतो आणि वाट बघतो. घरातलं कोणी तरी पाण्याचा तांब्या घेऊन येतं आणि म्हणतं, "टेका, पालवी आलीय." दार पत्र्याचं असलं तरी असंच म्हणतात.